सदतीस अंश

मनीच्या दाराला बेल नव्हती. चौकटीतल्या भोकातून एक दोरी बाहेर आली होती, आणि ती ओढली की आत भिंतीवर टांगलेला लाल कापडाचा मासा वरखाली व्हायचा. घरातली प्रत्येक खुर्ची अशी मांडलेली होती की तिथून मासा दिसावा. नव्या माणसाला हे सगळं समजावून सांगावं लागे, आणि ऐकताना तो तिच्याकडे ज्या नजरेने बघे त्या नजरेचं आपल्याला आता काही वाटत नाही, असं ती म्हणायची. वाटत असणारच. पण दोरी ओढायला येणारं तरी मुळात कोण होतं? टपालवाला, महिन्यातून एकदा मीटर बघणारा, आणि रविवारी दादा.

फोन वाजायचा नाही, नुसता उजळायचा. सकाळी उठवायला एक दिवा होता, तो अर्ध्या तासात हळूहळू प्रखर होई. कुकर घरात कधी आलाच नाही, कारण शिट्टी. मनी हेही काही तिचं खरं नाव नव्हे. मांजरीच्या पावलांनी वावरायची सवय लागली तेव्हा दादाने ते ठेवलं आणि ते चिकटलं. आता अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईला मनी म्हणावं का, हा प्रश्न आहे, पण तिला त्या नावाने हाक मारणारं जगात एकच माणूस उरलं होतं, तेव्हा आपणही तेच वापरू.

हे सगळं सुरू झालं धाकट्यापासून. धाकटा म्हणजे मनीच्या पाठचा भाऊ, तिच्याहून वर्षाने लहान. झोपेचा असा पक्का की घर पाडलं असतं तरी कूस बदलून झोपला असता. त्याला रोज मनीच उठवायची, पायाचा अंगठा धरून ओढून. त्याच्या परीक्षेच्या दिवशी तिला स्वतःला पहाटेच पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला निघायचं होतं. म्हणून तिने दोन घंटांचं गजराचं घड्याळ त्याच्या उशाशी ठेवलं, आणि आवाज मोठा यावा म्हणून ते स्टीलच्या ताटात ठेवलं. आपल्या हुशारीवर खूश होऊन ती गेली. गजर झाला, धाकटा ताडकन उठून बसला आणि परत आडवा झाला, तो कायमचा. एकोणीस वर्षांचा होता.

आईने ते ताट फळीवर सगळ्यात वर ठेवून दिलं. मनीला ती कधी एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. त्यानंतर आईने घरातल्या वाजणाऱ्या प्रत्येक वस्तूत कापूस कोंबला, दाराची बेल उपटली, मुलांना हाका मारणं बंद केलं. काही बोलायचं असेल तर ती समोर येऊन उभी राहायची. लोक म्हणाले, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. पुढे बऱ्याच वर्षांनी एका हृदयवाल्या डॉक्टरीणबाईंनी घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं, तेव्हा पोरगा आवाजानेच गेला हे आईचं म्हणणं खरं असावं असं निघालं. तोवर आई गेली होती. हृदयातलं एक दार बनवायची जी सूचना शरीरात असते, तिच्यात या घराण्यात एक अक्षर बदललेलं होतं. दादाला ते होतं, मनीला होतं, आणि दादाची मुलगी छकुली हिलाही होतं. पण रिपोर्टवर एक शेरा होता: अर्थ अनिश्चित. हा बदल घातक असेल, नसेलही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कळेपर्यंत जपून राहा आणि गोळ्या घ्या. हे ‘कळेपर्यंत’ अकरा वर्षं चाललं होतं.

आता हे दाराचं प्रकरण काय ते सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं सगळं त्यावरच अडलं आहे. हृदयाच्या प्रत्येक पेशीला पातळ आवरण असतं, आणि त्यात दारं बसवलेली असतात, इतकी अरुंद की क्षाराचा एकेक कणच त्यातून जाईल. ठोका पडताना आधी सोडियम आत घुसतं, मग कॅल्शियम, आणि पेशी आकसते. मग पोटॅशियमची दारं उघडून ते बाहेर पडतं, तेव्हा कुठे पेशी सावरते आणि पुढच्या ठोक्याला तयार होते. याच आवरणावर बाहेरच्या अंगाला पहारेकरीही बसलेले असतात. रिसेप्टर म्हणतात त्यांना. अचानक मोठा आवाज झाला की रक्तात ॲड्रेनॅलिन येतं आणि या पहारेकऱ्यांना चिकटतं. ते स्वतः आत पाऊल टाकत नाही. पहारेकरीच आत निरोप देतो, की घाई करा. ठोके भराभर पडू लागतात. ज्याच्याकडे पोटॅशियमची दारं पुरेशी आहेत तो दचकतो, एक शिवी हासडतो आणि कामाला लागतो. ज्याच्याकडे ती कमी आहेत, त्याच्या पेशी मागचा ठोका निस्तरायच्या आत पुढचा येऊन आदळतो आणि सगळा ताल विस्कटतो. मनी घेत असे ती गोळी त्या पहारेकऱ्याच्या मांडीवर जाऊन बसायची, म्हणजे ॲड्रेनॅलिनला जागा मिळत नसे.

आणि मनीची नोकरीही या दारांचीच होती. योगायोग वगैरे काही नाही, तिने हट्टाने मिळवलेली. नवं औषध बाजारात येण्याआधी ते हृदयातली ही पोटॅशियमची दारं अडवत तर नाही ना, हे तपासावं लागतं, आणि ती तपासणी करणाऱ्या एका प्रयोगशाळेत ती वीस वर्षं तळघरातल्या खोलीत बसत होती. हवेवर तरंगणारं टेबल, त्यावर सूक्ष्मदर्शक, भोवती तांब्याच्या जाळीचा पिंजरा, म्हणजे बाहेरच्या विजेची भुणभुण आत येऊ नये. काचेची नळी तापवून ओढायची, तिचं टोक केसाहून कितीतरी बारीक करायचं, आणि ते एका जिवंत पेशीला अलगद टेकवायचं. मग नळीला जोडलेली रबरी नळी तोंडात धरून किंचित श्वास ओढायचा. फार ओढलं तर पेशी फाटते, कमी ओढलं तर ती चिकटत नाही. चिकटली की पडद्यावरची खरखर एकदम थांबते, आणि त्या एका पेशीच्या दारांतून जाणारी वीज रेघेच्या रूपात दिसू लागते. दारं असली की रेघ शेवटी एकदम वर उसळून हळूहळू खाली उतरते. त्या उसळीला प्रयोगशाळेत सगळे शेपूट म्हणत. मनीने वीस वर्षांत लाखभर शेपटं पाहिली असतील, आणि बहुतेक एकटीने, कारण शेजारी कुणी खुर्ची सरकवली तरी नळी हलते.

तिथल्या प्रमुख मोठ्या बाई म्हणायच्या की मनीसारखा हात कुणाचा नाही. हात कसला, तिला गप्प बसता येत होतं, एवढंच. इतरांना दोन तासांत बोलायची तलफ येई.

कधीकाळी एक माणूस तिच्यासाठी थांबला होता. प्रयोगशाळेत काचेची कामं करायला यायचा तो काचवाला. मोठ्याने हसायचा आणि त्याहून मोठ्याने शिंकायचा, इतका की जिन्यातली माणसं थबकत. त्याने एकदा सरळ विचारलं. मनीने आठ दिवस घेतले आणि नाही म्हणून सांगितलं. कारण काय द्यायचं? तुमच्या शिंकेने मी मरेन, असं कुणाला कसं सांगणार? शिवाय मुलांचा प्रश्न होताच. काचवाल्याने पुढे लग्न केलं, त्याला दोन मुलगे झाले. मनीने त्या आठवड्यात माशाची दोरी बदलली, जुनी अजून चांगली असताना.

तर छकुली. सतरा वर्षांची झाली तरी छकुलीच. तिला दुसऱ्या शहरात नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, वसतिगृहासह. तिथे सकाळी घंटा, जेवणाला घंटा, वॉर्डात यंत्रांचे भोंगे. वहिनी रडून मोकळी झाली. छकुलीने मात्र आत्याला गाठलं आणि म्हणाली, "आत्या, तू जगभराच्या औषधांची दारं तपासतेस. आपलं दार का नाही तपासलंस?"

याचं उत्तर मनीकडे होतं, पण ते सतरा वर्षांच्या मुलीला देण्यासारखं नव्हतं. अर्थ अनिश्चित या शेऱ्याच्या आधारावर तिने सगळं आयुष्य उभं केलं होतं, आणि त्याला हात लावायची तिची छाती होत नव्हती. शेवटी तिने मोठ्या बाईंना विचारलं. बाईंनी डॉक्टरीणबाईंशी बोलून परवानगी दिली. या तपासणीने पारडं एका बाजूला नक्की झुकेल, असं डॉक्टरीणबाईंचं मत पडलं. घराण्यातलं ते बदललेलं अक्षर प्रयोगशाळेतल्या साध्या पेशींत घातलं गेलं, त्या पेशी तो बदल वाचून दारं बनवू लागल्या, आणि एका शुक्रवारी मनी त्यांच्यासमोर नळी तोंडात धरून बसली.

पहिल्याच पेशीला शेपूट आलं. दुसरीला आलं. बाराच्या बारा पेशींना आलं, चांगलं भरघोस, शेजारच्या बशीतल्या निरोगी दारांइतकंच.

मनीने नळी तोंडातून काढून ठेवली आणि ती पिंजऱ्यापुढे नुसती बसून राहिली. दार चांगलं होतं, म्हणजे धाकट्याला घड्याळाने मारलं नव्हतं. दुसरं काहीतरी असेल, कुणाला ठाऊक काय, पण ताट नव्हतं. अठ्ठावीस वर्षं छातीवर ठेवलेला दगड कुणी उचलून बाजूला ठेवावा असं तिला झालं. आणि मग, तो दगड कुठे ठेवला हे बघायच्या आत, दुसरी गोष्ट तिच्या लक्षात आली. कापूस, मासा, कुकर, काचवाला. हे सगळं मग कशासाठी होतं?

तिने दादाला संदेश पाठवला. कागदावरचा रिपोर्ट व्हायच्या आधी पाठवला, ही तिची चूक. वीस वर्षांत तिने असा आगाऊपणा कधी केला नव्हता, पण आनंदाची बातमी पोटात ठेवायची तिला सवयच नव्हती, ती कुठून असणार?

रविवारी दादा, वहिनी आणि छकुली तिच्याकडे आले ते हातात बेल घेऊन. दादाने स्वतःच्या घरी आदल्या दिवशीच बसवली होती, तशीच दुसरी मनीसाठी. स्टुलावर चढून त्याने मासा काढला, दोरी गुंडाळली, भोकातून वायर घातली. "मने, कानावर हात ठेव," तो म्हणाला, आणि छकुलीने बाहेर जाऊन बटण दाबलं. बेल वाजली. मनी दचकली, छाती धडधडली, आणि धडधड आपोआप थांबली. सगळे हसले. छकुलीने आणखी चारदा वाजवली. मनी पाणी आणायला म्हणून स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून रडली. बाहेरचे समजले आनंदाने रडते आहे. तेही खोटं नव्हतं, पण रडण्याचा मोठा भाग काचवाल्याच्या शिंकेसाठी होता.

निघताना छकुली म्हणाली की गोळ्या बंद. मनीने सांगितलं, रिपोर्ट हातात येईपर्यंत थांब, या गोळ्या अशा एकाएकी सोडायच्या नसतात. छकुलीने मान डोलावली, पण ती कशी डोलावली हे मनीने बघायला हवं होतं.

सोमवारी सकाळी ती रिपोर्ट लिहायला बसली. कोणत्या पेशी, किती दिवस, कोणत्या तापमानाला, असं ओळीने लिहावं लागतं. हे ती झोपेतही लिहू शकली असती. ‘तपासणीआधी पेशी दोन दिवस तीस अंशांवर ठेवल्या,’ असं तिने लिहिलं आणि पुढच्या ओळीला तिचा हात उचलेना.

प्रयोगशाळेत पेशी ठेवायची दोन कपाटं होती. एक सदतीस अंशांचं, म्हणजे माणसाच्या अंगाइतकं गरम. त्यात पेशी वाढत. दुसरं तीस अंशांचं. तपासणीआधी पेशी दोन दिवस तिकडे पाठवायच्या, हा तिथला नेम होता. कुणीतरी फार पूर्वी त्या कपाटांची नावं माहेर आणि सासर अशी ठेवली होती आणि चिठ्ठ्याही तशाच चिकटवल्या होत्या. थंड सासरी पेशीचं काम सावकाश चालतं, दारं नीट घडी घालून तयार होतात आणि जास्त संख्येने आवरणापर्यंत पोचतात. शेपूट मोठं येतं, मोजायला सोपं जातं. औषधं तपासायची तर यात काही वावगं नाही. वीस वर्षांत मनीने बशी सासरी पाठवताना एकदाही विचार केला नव्हता, आणि स्वतःच्या घराण्याची बशीही तिने त्याच सवयीने उचलून त्याच कपाटात सारली होती.

पण काही दारांचा दोष दार म्हणून नसतोच. ती उघडतात, मिटतात, सगळं ठीक. फक्त अंगाच्या उष्णतेत त्यांची घडी चुकते. पेशीच्या आत तपासणीनाका असतो, तिथे अशी वेडीवाकडी दारं अडवली जातात आणि मोडीत निघतात. आवरणापर्यंत एकही पोचत नाही. तीस अंशांत मात्र घडी जमते, नाका त्यांना सोडतो आणि ती बाहेर येऊन निरोग्यासारखी वागतात. मनीने बघितली ती दारं खरी होती, शेपूट खरं होतं. पण माणसाच्या अंगात सासरचं कपाट नसतं.

असं असेलच असं नाही, हेही तिला माहीत होतं. गरम कपाटातही दारं येतील. येतीलच कदाचित. तिने दादाला संदेश पाठवला: एक तपासणी राहिली आहे, गोळी चालू ठेवा. दादाचं उत्तर आलं, हो हो. दादाचं ‘हो हो’ म्हणजे वाचलं, एवढंच. हे ती लहानपणापासून ओळखून होती. तरी तिने पुन्हा फोन केला नाही, कारण फोन केला असता तर का, हे सांगावं लागलं असतं, आणि सांगितलं असतं तर ते खरं व्हायला लागलं असतं.

नव्या बशा तिने माहेरीच ठेवल्या. दोन दिवस लागणार होते. त्या दोन दिवसांत तिच्या मनात काय काय आलं ते सगळंच सांगत नाही, पण एक सांगायला हवं. रिपोर्ट होता तसा पाठवला असता तर कुणालाही कळलं नसतं. नेमाप्रमाणेच काम झालं होतं. ते ताट इतर ताटांसारखं साधं ताट राहिलं असतं. मंगळवारी दुपारी तिने तो रिपोर्ट दोनदा उघडला आणि दोनदा मिटला. घरी गेली तेव्हा टपालवाल्याने बेल वाजवली, आणि ती दचकून भिंतीकडे बघत राहिली, जिथे मासा नव्हता.

बुधवारी सकाळी आठला ती पिंजऱ्यापुढे बसली. आधी निरोगी दारांच्या पेशी, गरम कपाटातल्याच. शेपूट जरा लहान, पण आलं. मग घराण्याची बशी. नळी टेकवली, श्वास ओढला, खरखर थांबली. रेघ सपाट. तिने नळी बदलली. दुसरी पेशी, सपाट. तिसरी, सपाट. यंत्रात बिघाड आहे का म्हणून तिने निरोगी पेशी पुन्हा लावून बघितली. यंत्र ठणठणीत होतं.

चौथ्या पेशीची रेघ पडद्यावर सरळ निघून गेली, आणि मनीला बरं वाटलं.

हे असंच झालं, त्याला इलाज नाही. भीती वाटायच्या आधी, छकुलीचा चेहरा डोळ्यांपुढे यायच्या आधी, तिला बरं वाटलं. फुकट गेलं नाही, असं वाटलं. कापूस बरोबर होता, आई बरोबर होती, आणि काचवाल्याला नाही म्हणणारी मुलगी मूर्ख नव्हती. मग एका क्षणाने छकुली आठवली, आणि तिच्या मागोमाग ताट परत आलं. मनीला आपली इतकी शरम वाटली की तिने तोंडातली नळी काढून रुमालाने ओठ पुसले. मग उरलेल्या आठ पेशी तिने एकेक करून तपासल्या, कारण बारा तपासायच्या असतात. बाराही सपाट होत्या.

मोठ्या बाईंनी रेघा बघितल्या, दोन्ही दिवसांच्या, शेजारी शेजारी ठेवून.  मग म्हणाल्या की तो नेम आपल्या सगळ्यांचा आहे, एकट्या तुमचा नाही, आणि आजच डॉक्टरीणबाईंना कळवते. मनी म्हणाली की घरी मी सांगते.

हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. ती तडक दादाच्या घरी गेली, तिसऱ्या मजल्यावर, चढताना नेहमीसारखी पायांचा आवाज न करता. दुपारचे तीन वाजले होते, दादा-वहिनी कामावर, म्हणजे आत छकुली एकटी असणार. दारापाशी पूर्वी तिच्याकडच्यासारखीच दोरी होती. आता ती कापून टाकली होती आणि तिच्या जागी पांढरं चकचकीत बटण होतं. मनीने बोट वर केलं आणि ते तसंच धरून ठेवलं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी तिने एक घंटा लावली होती. दुसरी ती लावणार नव्हती. दार हलकेच वाजवलं, पण आत छकुलीने गाणी लावली असावीत, कारण काही हालचाल झाली नाही. जोराने वाजवायचं तर तेही बेलच झालं. ती जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली, पर्स मांडीवर घेऊन. माणूस आतून बाहेर येईपर्यंत थांबणं तिला जमत होतं. तेवढं एकच तिला फार चांगलं जमत होतं.

सव्वा तासाने दार उघडलं. छकुली पिशवी घेऊन खरेदीला निघाली होती, प्रवासाच्या यादीचा कागद हातात.

"आत्या? अगं, इथे काय बसलीस? बेल वाजवायची ना."

 काय बोलायचं ते तिने वाटेत चार वेळा ठरवलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना.

छकुलीने मागे वळून त्या पांढऱ्या बटणाकडे पाहिलं, मग परत आत्याकडे. पोर हुशार होती. तिने दार हळूच ओढून घेतलं, कडीचा आवाज होऊ न देता, आणि पायरीवर येऊन बसली.

"पण तू म्हणाली होतीस की दारं आली."

"तीस अंशांना आली," मनी म्हणाली. "आपलं अंग सदतीस असतं. ते माझ्या ध्यानात आलं नाही."

छकुलीने कागदाची घडी घातली आणि परत उलगडली. मग म्हणाली, "मग मी कुठेतरी थंडीच्या गावाला राहायला जाते."

"अंग सगळीकडे सदतीसच असतं गं."

"माहीत आहे. नर्सिंगला प्रवेश मिळालाय मला." ती हसायला गेली आणि ते जमलं नाही. थोड्या वेळाने तिने खालच्या आवाजात विचारलं, "म्हणजे काका त्या घड्याळानेच गेला?"

मनीने होकाराची मान हलवली. आणि मग जे तिने आईला कधी तोंडाने सांगितलं नव्हतं, दादाला सांगितलं नव्हतं, आणि काचवाल्याला तर नाहीच नाही, ते तिने सांगितलं. "घड्याळ मी लावलं होतं. मोठ्याने वाजावं म्हणून ताटात ठेवलं होतं. स्टीलच्या."

 छकुली उठली, दाराचा आवाज न करता आत गेली आणि गोळ्यांची पट्टी घेऊन बाहेर आली. पट्टीवर वारांची नावं छापलेली होती. रविवारी संध्याकाळपासून बुधवारपर्यंतच्या सगळ्या गोळ्या जागच्या जागी होत्या. मनीने त्या मोजल्या आणि परत मोजल्या. तेवढ्या दिवसांत ते पांढरं बटण किती जणांनी दाबलं असेल, हा हिशेब तिला करवेना. फोन उजळवून तिने डॉक्टरीणबाईंना विचारलं, आणि त्यांनी सांगितलं तसं छकुलीने एक गोळी घेतली, मनीच्या पर्समधल्या बाटलीतल्या पाण्याने.

"ते बटण काढायला स्क्रू-ड्रायव्हर लागेल," छकुली म्हणाली. "बाबांचा कुठे असतो माहीत नाही. ते येईपर्यंत इथेच बसू या. कुणी आलं तर आपणच सांगू, वाजवू नका म्हणून."

"कॉलेजचं?"

"बघू. हे सगळं सांभाळून तू वीस वर्षं नोकरी केलीसच की."

मग त्या दोघी जिन्यात बसून राहिल्या, बटणाचा पहारा करत, एकमेकींशी हळू आवाजात बोलत. खालच्या मजल्यावर कुणीतरी दार आपटलं आणि दोघी एकाच वेळी दचकल्या, आणि एकाच वेळी दोघींनी एकमेकींच्या मनगटाला हात घातला, नाडी बघायला. मनीच्या बोटांखाली छकुलीची नाडी पळाली, आणि सावरली. इतक्या वर्षांत मनीला पहिल्यांदाच सोबत मिळाली होती. ती मिळाल्याचा तिला आनंद झाला, आणि तो आनंद झाल्याबद्दल ती स्वतःला कधीच माफ करणार नव्हती. पण तिने मनगट सोडलं नाही.